नगरसेवकाचा खासदार होतो, तेव्हा त्याच्या हातातून काय जातं?

२०२४ च्या लोकसभेला पुण्यात तीन प्रमुख उमेदवार होते. भाजपचे मुरलीधर मोहोळ, काँग्रेसचे रवींद्र धंगेकर आणि वंचितचे वसंत मोरे. पक्ष तीन, पण तिघांनीही महापालिकेत नगरसेवक म्हणून काम केलेलं. प्रचारही तसाच झाला. वाहतूक कोंडी, पाणी, खड्डे, कचरा. भाषणं ऐकून एखाद्याला वाटावं, निवडणूक पालिकेचीच चालली आहे. मोहोळ सव्वा लाखाच्या आसपास मतांनी निवडून आले आणि अशा सभागृहात जाऊन बसले, जिथे खड्ड्याचा आणि कचऱ्याचा विषय सहसा कामकाजात येतच नाही.

आपल्याकडे नगरसेवक, मग आमदार, मग खासदार ही बढती समजली जाते. खुर्ची जेवढी वरची तेवढी गल्लीवरची सत्ता जास्त, असा हिशेब. म्हणून खासदाराच्या संपर्क कार्यालयात तुंबलेल्या ड्रेनेजचे अर्ज येऊन पडतात. प्रत्यक्षात ती बढती नसते, खातं बदललेलं असतं. मान वाढतो, गाडी-बंगला येतो, पण ज्या पैशावर आणि ज्या फायलीवर काल हात होता तिथून तो निघतो.

हे समजून घ्यायला गिरीश बापटांची कारकीर्द सगळ्यांत सोयीची आहे, कारण मधली एकही खुर्ची त्यांनी सोडलेली नाही. टेल्कोत नोकरी, आणीबाणीत तुरुंगवास, १९८३ मध्ये नगरसेवक. पालिकेत सलग तीन वेळा निवडून आले, स्थायी समितीचं अध्यक्षपदही मिळालं. १९९५ ते २०१४ या काळात कसब्यातून पाच वेळा आमदार. मध्ये १९९६ ला लोकसभा लढवली, पण सुरेश कलमाडींकडून हरले. २०१४ नंतर राज्यात मंत्री आणि पुण्याचे पालकमंत्री, २०१९ मध्ये खासदार.

सुरुवात पालिकेपासून करू. कायद्याने महापालिका चालवतो आयुक्त, आणि त्याला नेमतं राज्य सरकार. नगरसेवक एखाद्या कनिष्ठ अभियंत्यालाही लेखी आदेश देऊ शकत नाही. महापौरही नाही. महापौर मुख्य सभेच्या अध्यक्षस्थानी बसतो, शहराचा पहिला नागरिक म्हणवतो, पण कार्यकारी अधिकार त्याच्याकडे नाहीत. मग नगरसेवकाला लोक एवढे का धरून असतात? कारण खर्चाला मंजुरी त्याच्या सभागृहातून जाते.

आयुक्त प्रारूप अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतो. समितीत सोळा नगरसेवक. ते त्यात हवे ते फेरफार करतात आणि समितीचा अध्यक्ष ते मुख्य सभेला सादर करतो. ठरावीक रकमेच्या वरची निविदाही स्थायीच्या मान्यतेशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून पालिकेतली खरी खुर्ची कोणती असं जुन्या जाणत्याला विचारलं, तर तो महापौरपदाच्या आधी स्थायीचं नाव घेईल.

त्यातही पुण्याचा खास शब्द आहे, स-यादी. नगरसेवकाने आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या छोट्या कामांची ही यादी अंदाजपत्रकाला जोडलेली असते. ड्रेनेज लाइन, गल्लीचं काँक्रीट, बाकडी, दिवे. बाकड्यावर सौजन्य म्हणून कुणाचं नाव रंगवलं जातं ते सांगायला नको. आणि स-यादीचा जोडीदार म्हणजे वर्गीकरण. समजा, एका प्रभागात वाचनालयासाठी वीस लाख ठेवले आणि जागेचा वाद निघाला. मार्चअखेर जवळ आली की नगरसेवक प्रस्ताव देतो, हे पैसे अमुक रस्त्याच्या काँक्रीटीकरणाला वळवा. स्थायी आणि मुख्य सभा मान्यता देतात. वाचनालय राहतं, रस्ता होतो. वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत धडधाकट गल्ल्या का उखडल्या जातात, याचं एक कारण इथे आहे. चांगलं म्हणा, वाईट म्हणा, पण हा पैशावरचा थेट हात आहे. खासदाराच्या वाट्याला असलं काही येत नाही.

आता दिल्ली. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या याद्या आहेत. त्यात स्थानिक स्वराज्य संस्था राज्यांच्या यादीत येतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकांना घटनेत स्थान मिळालं, अठरा कामांची यादी आली, दर पाच वर्षांनी निवडणूक आली. पण त्यातली कोणती कामं खरोखर पालिकेकडे द्यायची, हे ठरवणं राज्याकडेच राहिलं. त्यामुळे पुण्याच्या खासदाराने लोकसभेत शहरातल्या गटारांबद्दल प्रश्न टाकला, तरी मंत्रालयाचं उत्तर साधारण ठरलेलं असतं: हा राज्याचा विषय आहे. पालिकेच्या मुख्य सभेत तर खासदाराला जागाच नाही. तिथे निवडून आलेले नगरसेवक बसतात आणि थोडे स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढवता नेमलेले. खासदार प्रेक्षक गॅलरीतून बघू शकतो.

निधीचं म्हणाल तर खासदाराला वर्षाला पाच कोटी मिळतात. १९९३ मध्ये ही योजना सुरू झाली आणि २०११-१२ पासून रक्कम पाच कोटी आहे. तीही त्याच्या हातात येत नाही. तो काम सुचवतो, मंजुरी आणि पैसे जिल्हा प्रशासनाकडून. शेजारी पालिकेचा आकडा ठेवा. २०२५-२६ चं पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. बापटांच्या वाट्याला तर त्यातही खाडा आला. कोविडमुळे केंद्राने एप्रिल २०२० मध्ये खासदार निधी थांबवला, तो नोव्हेंबर २०२१ मध्ये अंशतः सुरू झाला. म्हणजे निवडून आल्यावर वर्षभरातच निधी बंद. नगरसेवकाची स-यादी त्या काळात आक्रसली असेल, पण खासदाराचा नळ केंद्राने एका निर्णयात बंद केला आणि कुणाला फारसं जाणवलंही नाही.

बापटांच्या बाबतीत एक जोडी फार बोलकी आहे. पालिकेत ते स्थायी समितीचे अध्यक्ष होते आणि लोकसभेत गेल्यावर अंदाज समितीचे. दोन्हीकडे काम पैशाचंच. पण पालिकेतली समिती खर्च मंजूर करते. ती नाही म्हणाली तर काम अडतं. संसदेची अंदाज समिती १९५० पासून आहे, तीस सदस्य, सगळे लोकसभेचे, आणि मंत्र्याला तिच्यात बसता येत नाही. ती एखादं खातं निवडते, अधिकाऱ्यांना बोलावते, साक्षी घेते आणि अहवाल देते: इथे काटकसर करा, ही पद्धत बदला. सरकारने तो अहवाल मानलाच पाहिजे, असं बंधन नाही. ज्या माणसाने तिशीत निविदेच्या फायलीवर होय-नाही ठरवलं, तो सत्तरीत देशभराच्या खात्यांना शिफारशी करत होता. मान केवढा वाढला आणि हुकूम केवढा कमी झाला, हे याहून स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण मला पुण्यात सापडत नाही.

म्हणजे खासदार बिनकामाचा का? तसं मुळीच नाही. पण त्याच्याआधी मधल्या खुर्चीबद्दल बोलायला हवं. पुण्याच्या रोजच्या आयुष्यावर सर्वांत जास्त ताबा दिल्लीचाही नाही आणि पालिकेचाही नाही. तो मुंबईत आहे, मंत्रालयात.

पाण्याचंच घ्या. खडकवासला साखळीतून शहराला किती पाणी आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती आवर्तनं, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. तिथे मुख्य माणूस पालकमंत्री. उन्हाळ्यात पाणीकपात होणार की नाही, ही बातमी पालिकेतून न येता त्या बैठकीतून येते. बापट पालकमंत्री असताना ती बैठक घेत, आणि एका बाजूला कसब्यातला मतदार, दुसऱ्या बाजूला कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी अशी ओढाताण त्यांना दरवर्षी सांभाळावी लागली. खासदार झाल्यावर हा अधिकार गेला.

दुसरं उदाहरण विकास आराखड्याचं. कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे उद्यान, कुठली जमीन कशासाठी राखीव, हे सगळं ठरवणारा नकाशा. जुन्या हद्दीचा आराखडा पालिका कित्येक वर्षं घोळवत बसली. मुदत संपली. मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने तो पालिकेच्या हातातून काढून घेतला, अधिकाऱ्यांच्या समितीकडे दिला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. शहराचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा, आणि शेवटचा शब्द नगरसेवकांचा नाही. पालिकेचा एखादा ठराव कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताविरुद्ध आहे असं राज्याला वाटलं, तर ते तो निलंबित करू शकतं, विखंडित म्हणजे रद्दही करू शकतं. पालिकेत बरीच वर्षं काढलेला माणूस आमदारकीकडे धावतो, त्यामागे फक्त प्रतिष्ठा नसते. आपला ठराव कुठे जाऊन अडतो, हे त्याने पाहिलेलं असतं.

आता खासदाराचं काम. पुण्यात कितीतरी गोष्टी अशा आहेत की ज्यांचा मालक केंद्र सरकार आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. रेल्वे केंद्राची. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. शहराला चिकटलेले राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे. मेट्रोत केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे भागीदार. मुळा-मुठा शुद्धीकरणाचा जपानी कर्जातला, मूळ ९९० कोटींचा प्रकल्पही केंद्राच्या नदी संवर्धन योजनेतून आलेला. यांतलं काहीही अडलं तर ते दिल्लीत अडतं आणि तिथे बोलणारा माणूस लागतो. कॅन्टोन्मेंटचा प्रकार तर गमतीचा. २००६ च्या कायद्यानुसार तिथल्या बोर्डाच्या बैठकीला खासदार विशेष निमंत्रित असतो, मत मात्र देता येत नाही. पालिकेत तेवढंही नाही.

नगरसेवक राहिलेल्या खासदाराचा फायदा इथे दिसतो. चांदणी चौकाचं उदाहरण बघा. पैसा आणि बांधकाम महामार्ग प्राधिकरणाचं. भूसंपादन पालिकेच्या गळ्यात. वाहतूक वळवायची पोलिसांनी. २०१७ मध्ये भूमिपूजन झालं आणि नवा उड्डाणपूल सुरू झाला ऑगस्ट २०२३ मध्ये. मधली बरीच वर्षं जागा ताब्यात येण्यात गेली. अशा कामात दिल्लीतून मंजुरी आणणं हा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग म्हणजे कोथरूड-बावधनच्या बाजूची कुठली मिळकत कुणामुळे अडली आहे आणि पालिकेत कुठल्या टेबलावर फाइल पडली आहे, हे ठाऊक असणं. अधिकार गेला तरी ही माहिती जात नाही, आणि माझ्या मते पालिकेतल्या वर्षांची खरी कमाई तीच. मोहोळ २०१७-१८ मध्ये स्थायीचे अध्यक्ष होते, नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२२ महापौर. त्यातला बराच काळ कोविडचा. मग जून २०२४ मध्ये सहकार आणि नागरी विमान वाहतूक खात्यांचे राज्यमंत्री. लोहगावच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन मार्चमध्ये झालेलं होतं, प्रवाशांसाठी ते खुलं झालं १४ जुलै २०२४ ला. पुण्याचा खासदार विमान खात्यात बसल्यावर पुण्याच्या विमानतळाची फाइल शोधायला कुणाच्या ओळखी काढाव्या लागत नाहीत.

चांदणी चौकाचा पूल सुरू झाला त्या दिवशी पुण्याची अवस्था काय होती, हे फार थोड्यांच्या लक्षात असेल. शहरात एकही नगरसेवक नव्हता, महापौर नव्हता आणि पुणे मतदारसंघाला खासदारही नव्हता.

पालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले, निवडणूक लांबली ती थेट जानेवारी २०२६ पर्यंत. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असं घटना सांगते. तरी पावणेचार वर्षांहून जास्त काळ प्रशासक. त्या काळात आयुक्तच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणारा तोच, स्थायी समिती म्हणून मंजूर करणारा तोच आणि मुख्य सभा म्हणून शिक्का मारणाराही तोच. यात २९ मार्च २०२३ ला बापटांचं निधन झालं. त्याच्या महिनाभर आधी कसब्याच्या पोटनिवडणुकीत ते नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, व्हीलचेअरवर कार्यकर्त्यांच्या मेळाव्याला आले होते. ती जागा मुक्ता टिळकांच्या निधनाने रिकामी झालेली. टिळकही आधी पुण्याच्या महापौर, आणि महापौरपदावर असतानाच २०१९ मध्ये बापटांच्या जागी कसब्याच्या आमदार झालेल्या.

कायदा सांगतो, जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक. कसब्यात तशी झाली. टिळकांचं निधन २२ डिसेंबर २०२२ चं, मतदान २६ फेब्रुवारी २०२३ ला. लोकसभेच्या जागेला मात्र झाली नाही. उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल, किंवा ठरलेल्या वेळेत निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने केंद्राशी बोलून प्रमाणित केलं, तर सूट मिळते. बापटांच्या जागेची जवळपास पंधरा महिने मुदत बाकी होती, म्हणजे पहिलं कारण लागू नव्हतं. आयोगाने दुसरं पुढे केलं: यंत्रणा इतर निवडणुकांत गुंतली आहे आणि नव्या खासदाराला थोडाच काळ मिळेल. एका पुणेकराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने आयोगाला निवडणूक घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. जून २०२४ पर्यंत जागा रिकामीच.

या काळात गंमत अशी झाली की खासदार नाही याची तक्रार क्वचितच कुणी केली. नगरसेवक नाही याची मात्र रोज. दाखल्यावर सही कुणाची घ्यायची, सफाईसाठी आरोग्य कोठीवर कुणी फोन करायचा, पाण्याचा टँकर कुणाला मागायचा. क्षेत्रीय कार्यालयात माजी नगरसेवकच खेटे घालत राहिले, आणि अधिकारी आता आपण यांना बांधील नाही हे ओळखून होते. दोन खुर्च्यांतला फरक पुणेकरांना असा अनुभवातून कळला.

हा प्रवास नेहमी खालून वरच जातो असंही नाही. ना. ग. गोरे १९५७ मध्ये काकासाहेब गाडगीळांना हरवून पुण्याचे खासदार झाले आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, महापौर. पुढे १९७० मध्ये राज्यसभा आणि मग ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त. आज दिल्ली पाहून आलेला माणूस पालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला, तर लोक त्याचं तिकीट कापलं गेलं असंच समजतील. त्याही मागे गेलात तर गोपाळ कृष्ण गोखले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात मिठाच्या करावर सरकारला धारेवर धरत होते, आणि त्याच काळात पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. दोन्ही एकाच वेळी. आजही संसद आणि विधिमंडळ यांचं सदस्यत्व एकाच वेळी ठेवायला घटनेचं १०१ वं कलम मनाई करतं, नगरसेवकपदाचा उल्लेख त्यात नाही.

आणि कलमाडी. ते पालिकेत कधी नगरसेवक नव्हते, पण कित्येक वर्षं पालिकेतल्या काँग्रेसचा कारभार त्यांच्या शब्दावर चालला. खासदाराला सभागृहात खुर्ची नसते, मग हे कसं? उत्तर तिकिटात आहे. नगरसेवकाची उमेदवारी ज्याच्या हातात, त्याचा फोन स्थायी समितीच्या बैठकीआधी येतो. ही सत्ता कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही आणि म्हणूनच ती एका निवडणुकीत जाऊही शकते. २००७ मध्ये राष्ट्रवादी, भाजप आणि शिवसेना एकत्र आले, पुणे पॅटर्न नावाने ते जुळलं, आणि कलमाडींची काँग्रेस पालिकेत बाहेर बसली. कलमाडी खासदार होतेच, २००९ ला पुन्हा निवडूनही आले. पालिका मात्र गेली.

आपला खासदार कोण, हेसुद्धा पुण्यात सरळ नाही. पुणे लोकसभा मतदारसंघात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, कॅन्टोन्मेंट आणि कसबा एवढेच विधानसभा मतदारसंघ आहेत. हडपसर शिरूरमध्ये, आणि धायरी, सिंहगड रस्ता हा खडकवासल्याचा भाग बारामतीत. पालिका एक, घरपट्टी एक, खासदार तीन. पुण्याची जागा रिकामी होती तेव्हा हडपसरला अमोल कोल्हे होते आणि धायरीला सुप्रिया सुळे.

खासदाराचं काम तपासायची सोय मात्र नगरसेवकापेक्षा कितीतरी चांगली आहे. कुणी कोणता प्रश्न विचारला, कोणत्या तारखेला, मंत्र्याने काय उत्तर दिलं, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर नावानिशी मिळतं. मुख्य सभेत आपला नगरसेवक काय बोलला हे शोधायला नगरसचिव कार्यालयाची पायरी चढावी लागते. संकेतस्थळावर शोधताना एक लक्षात ठेवा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यांची हजेरीही त्या नोंदीत धरत नाहीत. त्यामुळे मंत्रिपदाच्या काळात पुण्याच्या खासदाराच्या नावावर प्रश्न दिसणार नाहीत. विमान वाहतुकीच्या प्रश्नांखाली शोधा, तिथे त्यांचं नाव उत्तर देणाऱ्याच्या रकान्यात सापडेल. शिरूर आणि बारामतीच्या खासदारांनी लोहगाव विमानतळाबद्दल काही विचारलं असेल, तर तेही तिथेच.